गुरुवारची गाडी

गुरुवार यमुताईंचा. घरात तसं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण मोडायची हिंमतही कुणात नव्हती. त्या दिवशी अपेक्षा ऑफिसचं काम घरूनच करायची, तिची पांढरी गाडी सक्करदऱ्याच्या घरापुढे उभी असायची, आणि चहा-पोहे आटोपले की यमुताई पदर कमरेला खोचून हात पुढे करायच्या.

“आण वं किल्ली.”

मग कोराडी मागे टाकून सावनेरचा रस्ता धरायचा, ठरलेल्या टपरीवर एक चहा घ्यायचा, आणि जेवायच्या वेळेला परत. बरोबर कुणी नको. बहात्तराव्या वर्षी बाई एकट्या कुठे जातात, असं शेजारणींनी विचारलं तर त्या सांगायच्या, “गाडीले फिरवून आणते. बांधून ठेवली का आखडते ती.”

गाडी अपेक्षाची. अपेक्षा म्हणजे यमुताईंच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ उमरेडला, त्याची दोन्ही लेकरं, अपेक्षा आणि साहिल, शिकायला म्हणून आत्याकडे आली आणि अपेक्षा नोकरीला लागल्यावरही दोघं तिथेच राहिली. यजमान मनोहरराव गेल्यावर यमुताईंच्या घराला तेवढाच आवाज. अपेक्षा मिहानमधल्या एका कंपनीत कामाला होती आणि उरलेला सगळा जीव तिचा गाडीत होता. दिसायला चार दारांची सभ्य गाडी, पण आतून तिने पार बदलून टाकलेली. मोठा टर्बो घातला, धुराड्याचा पाइप बदलला, इंजिनचा कॉम्प्युटर नव्याने जुळवून घेतला. कारखान्यातून निघाली तेव्हा दीडशे घोड्यांची होती, आता अडीचशेच्या घरात गेली होती. साहिलला ती गाडीला हात लावू देत नसे. आत्याला मात्र गुरुवारी न विचारता द्यायची.

कारण गाडी चालवायला अपेक्षाला शिकवलं होतं आत्यानेच. तशी त्यांनी अर्ध्या नागपूरच्या बायकांना शिकवली होती. ‘यमुना मोटार ड्रायव्हिंग स्कूल, फक्त महिलांसाठी’ अशी निळी पाटी सक्करदरा चौकाजवळ तीसेक वर्षं होती. ज्या काळात बाई स्कूटरवर मागे बसली तरी माणसं वळून बघायची, त्या काळात यमुताई अँबेसेडरमध्ये डावीकडे बसून शिक्षिका, नर्सबाया, बँकेतल्या मुली, इतवारीतल्या दुकानदारणी अशा सगळ्यांना रस्त्यावर आणायच्या. त्यांच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लचची वेगळी जोडी बसवलेली होती. शिकणारीच्या क्लचच्या पेडलाला, पोळ्याला बैलांच्या गळ्यात असतं तसलं एक घुंगरू बांधलेलं असे. क्लच दाबला की ते वाजायचं, आणि ते तेवढ्याच वेळी वाजायला हवं. गाडी नीट चाललेली असताना मधेच किणकिण आली की यमुताई रस्त्यावरची नजर न काढता म्हणायच्या, “बाई, पाय खाली.”

आता स्कूल नाही, अँबेसेडर नाही, शेवटची ती लाल छोटी गाडीही विकली. ओळखीपाळखीत ज्याच्या त्याच्या घरी ऑटोमॅटिक. यमुताईंनी एकदा तसली चालवून पाहिली आणि उतरल्यावर म्हणाल्या, “पाळण्यात बसल्यावानी वाटलं. डाव्या पायानं काय करावं, भजन?” गिअर टाकायचे, क्लच सोडायचा, पायाखाली यंत्र धरतंय हे कळायचं, असं सुख देणारी एकच गाडी त्यांच्या आयुष्यात उरली होती. तीही आठवड्यातून एकदा.

त्या गुरुवारी सावनेरच्या रस्त्यावर कोळशाचा एक ट्रक पुढे होता. रस्ता मोकळा दिसला तसा यमुताईंनी चौथ्या गिअरमध्ये पाय दिला. इंजिनचा आवाज चढला, फेऱ्यांचा काटा सरसर वर गेला, पण गाडीचा वेग होता तेवढाच. त्यांनी लगेच पाय काढला, ट्रकला पुढे जाऊ दिलं आणि काच खाली केली. वास आलाच. जळका, कडवट, जुन्या ओळखीचा. शिकाऊ बायकांनी कितीदा तरी आणलेला. त्या दिवशी टपरीवर न थांबता, इंजिनला न दुखावता, त्या हळूहळू घरी आल्या.

“तुह्या गाडीचा क्लच घसरून राहिला,” किल्ली टेबलावर ठेवत त्यांनी सांगितलं.

अपेक्षा लॅपटॉपवरून उठलीच. “खरंच? मला दोन दिवसांपासून शंका येत होती. वर्धा रोडवर एकदा तसं झालं.”

“मग बोलली काहून नाही?”

“वाटलं, भास असेल.”

“क्लचचा भास होत नसते.”

साहिल आतून पोह्यांची बशी घेऊन आला. त्याला तर आनंदच झाला. “बोललो होतो मी! कंपनीचा क्लच एवढी पॉवर झेलणारच नाही. आता मस्त रेसिंगवाला टाकू, ताई. एकदम पकडणारा.”

रविवारी तिघं वाडीला पियुषच्या गॅरेजमध्ये गेले. गाडी शुक्रवारीच तिथे पोचवली होती. पियुष इंजिनिअर. पुण्यात एका मोठ्या कंपनीत काही वर्षं काढून परत आला आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत त्याने आपलं गॅरेज उघडलं. फरशी इतकी स्वच्छ की यमुताईंनी दाराशी सवयीने चपला काढायला पाय उचलला. त्याची आई यमुताईंची विद्यार्थिनी, म्हणून त्याच्यासाठी त्या काकू.

“बसा काकू. आईनं नमस्कार सांगितला. अजून रिव्हर्स घेताना तुमचं नाव घेते ती.”

“चांगल्या अर्थानं घेते का?”

“ते मी नाही विचारत.”

गाडी लिफ्टवर होती आणि तिचा उतरवलेला क्लच टेबलावर पुसून मांडलेला. पियुषने प्लेट हातात घेतली. तव्याएवढी गोल, दोन्ही बाजूंना अस्तर. अस्तर खडबडीत असायला हवं, ते काचेसारखं गुळगुळीत झालं होतं.

“ही इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे दाबून धरलेली असते,” तो साहिलकडे पाहून म्हणाला, कारण आत्या-भाचीला सांगायची गरज नव्हती. “दाबणारी ही प्रेशर प्लेट. तुमची पॉवर वाढली, दाब तेवढाच राहिला. मग घसरणारच. पण...” तो थांबला. त्याने प्रेशर प्लेटच्या मधोमध असलेली स्प्रिंगची बोटं दाखवली. त्यांची टोकं झिजून चकचकीत झाली होती. मग त्या बोटांवर टेकणारं बेअरिंग त्याने हातात फिरवलं. ते जात्यासारखं घरघरलं. “पण ही झीज पॉवरची नाही. गाडी चालताना कुणाचा तरी पाय पेडलवर राहतो. पूर्ण दाबलेला नाही, नुसता टेकलेला. तेवढ्यानंही थोडा दाब सुटतो आणि प्लेट घासत राहते. काकू, राग मानू नका, पण जे आहे ते सांगितलं पाहिजे.”

“सांगितलंच पाहिजे,” यमुताई म्हणाल्या.

साहिलने घसा साफ केला.

“गाडी चालवणाऱ्या तर दोघीच.”

“मग सरळ नाव घे ना गा.”

“आत्या, मी कुठं काय म्हणालो?”

“म्हणायचं काय बाकी ठेवलं तू? बहात्तर वर्षांची म्हातारी, गुडघा दुखते, पाय उचलत नाही, टेकवून बसते. असंच ना?”

“तू तर रागावूनच राहिली.”

“मी रागावली असती तं तुले समजलं असतं, अन् तू इथं उभा नसता.”

यमुताईंनी अपेक्षाकडे पाहिलं. ती बेअरिंग हातात घेऊन फिरवत बसली होती, मान खाली. ‘आत्या असं करणार नाही,’ एवढं ती बोलली असती तर पुरे होतं. ती बोलली नाही. साहिलचं बोलणं यमुताईंच्या अंगाला लागलं नाही, हे मात्र लागलं.

साहिलचं डोकं पुढे धावत होतंच. “सोपं आहे. पियुषभाऊ, तुमच्या गाडीत आहे तोच टाका. सहा टिकल्यांचा.” त्याने शेल्फवरची एक प्लेट काढून आणली. तिला गोल अस्तर नव्हतं, फुलाच्या पाकळ्यांसारख्या सहा जाड धातूच्या टिकल्या होत्या. “हा घसरतच नाही. आणि पेडल एवढं जड आहे की कुणी पाय टेकवायचं नावच घेणार नाही. दोन्ही प्रॉब्लेम एका दमात संपले.”

ते ऐकायला अगदी बरोबर वाटत होतं, हीच पंचाईत होती. यमुताईंना त्यातला अर्थ सगळ्यांच्या आधी कळला. तसला क्लच बसला की गुरुवार गेला. कुणी त्यांना गाडी चालवू नका म्हणणार नव्हतं, किल्ली मागितली तर मिळालीही असती, पण सक्करदऱ्याहून निघून कोराडीपर्यंतच्या सगळ्या सिग्नलांना ते पेडल दाबून धरणं त्यांच्या गुडघ्याने होणार नव्हतं. एकदा-दोनदा जमलं असतं. तिसऱ्या गुरुवारी त्यांनीच म्हटलं असतं, आज नको, ऊन फार आहे.

पण यमुताई अशा हळूच मागे सरणाऱ्या बाई नव्हत्या.

“बसवायच्या आधी दाबून पाहायचा,” त्या म्हणाल्या. “माह्या स्कूलचा नियम आहे. पियुष, तुही गाडी आण बाहेर.”

पियुष हसला. “माहेरचं सांगायचं का, काकू?”

“आईनं सांगितलं वाटते तुले.”

“पन्नासदा.”

तो नियम असा होता. स्कूलमध्ये नवीन बाई आली की पहिल्या दिवशी गाडी सुरू करायचीच नाही. तिला चालकाच्या जागी बसवायचं, क्लच पूर्ण दाबून धरायला सांगायचं आणि म्हणायचं, आता तुमच्या माहेरचं सांगा. बाई सुरू व्हायची. विहीर, भाऊ, आईचा हात, शाळेतली मैत्रीण. यमुताई गोष्ट ऐकायच्या, पण कान आवाजावर असायचा. पायात जोर नसला की आधी आवाज कापतो, पाय नंतर. जिचा आवाज लवकर कापला तिला हलक्या क्लचच्या गाडीवर घ्यायचं, जिची गोष्ट थांबायचंच नाव घेत नाही तिला अँबेसेडर. कुणाला कमीपणा वाटायचा नाही, कारण परीक्षा चालली आहे हेच कुणाला कळायचं नाही. काही बाया मात्र पाय दुखल्याने रडत की माहेराने, हे यमुताईंनाही सांगता आलं नसतं.

पियुषची निळी गाडी बाहेर आली. अपेक्षा बसली. क्लच दाबला.

“तू माहेरीच राहून राहिली,” यमुताई खिडकीशी वाकून म्हणाल्या. “तुह्या ऑफिसचं सांग.”

“ऑफिसचं काय... नवीन मॅनेजर आली आहे. मिनल नावाची. चांगली आहे. सोमवारी सगळ्यांना उभं करून मीटिंग घेते, म्हणते बसलं की लोक जास्त बोलतात. मग आम्ही सगळे... उभे राहून...” आवाज बारीक झाला. “सगळे उभे राहून जास्तच...”

“सोड.”

अपेक्षाने मांडी चोळली. “बाप रे. जिममध्ये जाते मी!”

साहिलने आपली पाळी घेतली. त्याला सांगायला ऑफिस नव्हतं, म्हणून त्याने क्रिकेटची मॅच सांगितली. मॅच चौथ्या षटकात असतानाच तो भराभरा सांगायला लागला आणि यमुताईंनी पियुषकडे पाहून भुवई उडवली.

“आता तू, आत्या,” साहिल उतरत म्हणाला. “नियम सगळ्यांले सारखा.”

“सारखाच.” त्या बसल्या. सीट पुढे घेतली, साडीच्या निऱ्या गुडघ्यापाशी आवरल्या, डाव्या पायातली चप्पल काढली आणि पेडल खाली नेलं. गुडघ्यातून कळ निघाली ती थेट कमरेपर्यंत. चेहऱ्यावर त्यांनी ती येऊ दिली नाही.

“उमरेडले आमच्या घरी दोन माग होते,” त्या नेहमीच्या आवाजात बोलू लागल्या. “एक बाबांचा, एक काकांचा. मागाच्या खाली पायानं दाबायच्या लाकडी पट्ट्या राहतात, पावड्या म्हणतात त्याले. एक दाबली का अर्धे धागे वर, दुसरी दाबली का उरलेले. आडवा धागा घेऊन धोटा मधून पळते. बाबांले ताप आला का मी बसायची. दहा-अकरा वर्षांची असन. पाय पोचत नव्हते तर बाबांनी पावडीले लाकडाचा ठोकळा बांधून देल्ला. पट्टी सोडायची ते मात्र हळू, नाही तर धागा तुटते. दाबता सगळ्यांले येते, असं बाबा म्हणत, सोडता आलं पाहिजे. लुगड्याचा काठ लाल होता त्या साली, अन् आमच्या गल्लीत सगळ्या घरांतून तो आवाज यायचा, खट-खटाक, खट-खटाक, सकाळी डोळे उघडले का तोच. आता भावाच्या घरी गेली का इतकं गुपचूप वाटते...”

“काकू, पुरे,” पियुष म्हणाला.

“काठाचं सांगून होऊ दे,” म्हणत त्यांनी काठाचं सांगून पूर्ण केलं आणि मगच पेडल सोडलं, सावकाश, धागा तुटणार नाही असं.

साहिलने टाळ्या वाजवल्या. त्याच्या टाळ्यांत खोट नव्हती. यमुताई उतरल्या, गाडीचं दार धरून क्षणभर उभ्या राहिल्या, आणि जे होतं ते बोलल्या.

“धरला. पण रोज नाही धरू शकत मी. दर गुरुवारी तर नाहीच. हे मले माहीत आहे, म्हणून मी या क्लचच्या विरोधात बोलली तर तुम्ही म्हणसान, म्हातारी आपलं पाहून राहिली. तर मी बोलतच नाही. अपेक्षा, तू चालव ही गाडी. रस्त्यावर. गाडीच सांगन.”

अपेक्षा पुन्हा बसली, यमुताई तिच्या डावीकडे, साहिल आणि पियुष मागे. अमरावती रोडला रविवार असूनही ट्रकांची रांग होती. सुटताना गाडीने एक हिसका दिला, दुसऱ्यांदा बंद पडली. रांगेत इंचाइंचाने सरकायची वेळ आली तशी ती थडथडायला लागली, दात वाजवल्यासारखी.

“असंच करते ही,” पियुष मागून म्हणाला. “टिकल्या धरतात नाही तर सोडतात, मधलं काही नाही. मला शर्यतीच्या धावपट्टीवर न्यायची असते म्हणून मी सहन करतो. ऑफिसला जायला मी दुसरी गाडी वापरतो.”

“हे आधी सांगायचं ना भाऊ,” साहिल कुरकुरला.

“तू बोलू दिलं का?”

रांग सुटली. रस्ता मोकळा झाला आणि अपेक्षाने तिसरा टाकला, चौथा टाकला. गाडी गुळगुळीत धावू लागली. यमुताई सवयीने समोर पाहत होत्या, आरशात पाहत होत्या, वळणाआधी मनातल्या मनात गिअर कमी करत होत्या. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपला डावा पाय जमिनीवर पुरता टेकलेला नाही. त्यांच्यापुढे पेडल नव्हतं, नुसती रबरी चटई होती, पण पाय टाच टेकवून, चवडा उचलून, अधांतरी तयार होता. तीस वर्षं तो असाच तयार राहिला होता. कुणा बाईने घाबरून चुकीचं काही केलं तर आपण क्षणात दाबू शकू म्हणून. मनोहरराव म्हणत, तू झोपेतही पाय असाच धरतेस.

त्यांना आपलंच हसू आलं. मग उगीच, कशासाठी हे न कळता, त्यांनी उजवीकडे अपेक्षाच्या पायाकडे पाहिलं.

तोच पाय. तीच टाच, तसाच उचललेला चवडा, अंगठा तेवढाच बाहेर वळलेला. फरक इतकाच, की अपेक्षाच्या चवड्याखाली पेडल होतं, आणि त्या जड पेडलवर तिचा पाय आरामात टेकलेला होता.

यमुताईंनी डोळे मिटून उघडले. मनातला गेल्या तासाभराचा सगळा भार एकदम उतरला, आणि त्याच्या मागोमाग दुसरीच गोष्ट लक्षात आली, जिच्यामुळे त्या जागच्या जागी सरळ बसल्या.

“अपेक्षा, गाडी बाजूले घे. अन् डावा पाय आहे तिथंच राहू दे. काही झालं तरी हलवू नको.”

अपेक्षाने घाबरून गाडी एका धाब्याजवळ कडेला लावली. उजव्या पायाने ब्रेक, गिअर मोकळा. डावा पाय तिथेच.

“साहिल, वाकून पाह्य. ताईचा पाय पाह्य, अन् मग माहा पाय पाह्य.”

साहिल दोन्ही सीटांच्या मधून पुढे घुसला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

“अबे! हे तर जुळे पाय आहेत!”

अपेक्षाने खाली पाहिलं. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. “आत्या... मी? मला माहीतच नाही. खरंच माहीत नाही. माझा पाय आत्ता उचललेला आहे असंच वाटत होतं मला.”

“वाटणारच. जड पेडल असो का हलकं, त्या पायाले समजतच नाही तो टेकला म्हणून. साहिलचा विलाज गेला.”

“पण मी असं कुठून...” अपेक्षा बोलता बोलता थांबली. “मी शिकताना तुझ्या पायाकडे बघायची. तू म्हणायची समोर बघ, आणि मी चोरून तुझ्या पायाकडे. मला वाटायचं, यमुना मॅडमचा पाय म्हणजे एकदम करेक्ट.”

“माहा पाय पेडलावर टेकत नव्हता वं, वर राहत होता. बोटभर.”

“ते बोटभर मला दिसलं नाही.”

मागे पियुषला हसू आवरेना. “काकू, मग आईच्या वेळचं ते घुंगरू? अपेक्षाच्या वेळी नव्हतं का?”

नव्हतं. स्कूल बंद होत आलेल्या वर्षी अपेक्षा अठराची झाली. त्यांची शेवटची विद्यार्थिनी. तोवर घुंगरू सोडून डब्यात ठेवलं होतं, आणि घरचीच पोर, तिला कशाला हवं घुंगरू, असं वाटलं होतं. यमुताईंनी ते सांगून टाकलं.

“म्हणजे सगळ्या नागपूरले घुंगरू, अन् मलाच नाही!” अपेक्षा म्हणाली. आता तीही हसत होती, पण तिचे डोळे भरले होते. “आत्या, मघाशी गॅरेजमध्ये मी काही बोलले नाही. मला वाटलं, तुझाच असेल पाय, आणि तुला वाईट वाटू नये म्हणून...”

“म्हणून गप बसली. समजलं मले. पुढच्या वेळी भांडत जा. सोपं पडते.”

गॅरेजमध्ये परत आल्यावर निवड करायला वेळ लागला नाही, तरी यमुताईंनी ती घाईने होऊ दिली नाही. पियुषने तिन्ही पर्याय मांडले. टिकल्यांचा तर पाहून झालाच होता. दुसरा दोन प्लेटांचा. त्याची ताकद खूप, पेडलही फार जड नाही, पण उभ्या गाडीत डब्यात खिळे हलवल्यासारखा वाजतो, आणि याहून दुप्पट घोड्यांच्या गाडीला शोभतो. तिसरा साधा दिसणारा. पूर्ण गोल अस्तर, मधे धक्के पिणाऱ्या स्प्रिंगा, फक्त अस्तर चांगल्या जातीचं आणि दाबणारी प्रेशर प्लेट जास्त जोराची.

“किती ओढ झेलते हा?” यमुताईंनी विचारलं.

“अपेक्षाच्या गाडीची आत्ताची ओढ, वर आणखी चौथाई. उद्या तिनं अजून थोडी पॉवर वाढवली तरी चालेल.”

“वाढवणार नाही,” अपेक्षा म्हणाली.

“वाढवशीन,” यमुताई म्हणाल्या. “मी ओळखते तुले. अन् पेडल?”

“कंपनीच्या पेडलपेक्षा किंचित जड. बसून पाहा, तसाच एक बसवलेला आहे मागच्या गाडीत.”

त्या जाऊन बसल्या. दाबला. सोडताना कुठे धरू लागतो ते तळव्याला अचूक कळलं. माहेर सांगायची गरज पडली नाही. अपेक्षाने दाबून पाहिला आणि मिनल मॅडमची उभी मीटिंग शेवटपर्यंत सांगून टाकली. साहिलने प्लेट हातात घेऊन उलटीपालटी केली. “दिसायला काहीच नाही हिच्यात,” तो म्हणाला, पण पुढे भांडला नाही.

“एक गोष्ट मात्र पाळावी लागेल,” पियुष म्हणाला. “नवीन अस्तर रुळवायला लागतं. पहिले आठशे-हजार किलोमीटर पूर्ण जोर द्यायचा नाही. आणि हायवेवर सरळ पळवून ते रुळत नाही. गावातच चालवायची. थांब, निघ, थांब, निघ. क्लच अर्धवट लोंबकळत ठेवायचा नाही, हलक्या पायानं धरायचा नि सोडायचा. जितक्या वेळा नीट सोडाल, तितकं अस्तर चांगलं बसेल.”

“माझा रस्ता तर सगळा वर्धा रोड,” अपेक्षा म्हणाली. “सरळच सरळ. आणि माझा पाय...”

ती थांबली. तिने, साहिलने आणि पियुषने एकाच वेळी यमुताईंकडे पाहिलं.

यमुताई चप्पल घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “इतवारी.”

“काय?”

“इतवारीत चालवते मी. सकाळी दुकानं उघडायच्या वेळी. भांड्यांच्या दुकानांपासून सराफ्यापर्यंत जाऊन परत आलं का शंभरदा क्लच होते. तिथं जिचा पाय बसला तिचा कुठंच चुकत नाही. साऱ्या बायकांले तिथंच पास केलं मी.”

“रोज?” साहिलने विचारलं.

“मग काय वर्षातून एकदा? ताईले तू स्कूटरनं सोड मिहानले. तेवढं पुण्य कर.”

क्लच यायला आठवडा गेला. तो बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी गाडी इतवारीत शिरली. हातगाड्या, टेम्पो, पोती उतरवणारी माणसं, रस्त्याच्या मधोमध बोलत उभे असलेले दोन दुकानदार. यमुताईंनी कुणाला हॉर्न दिला नाही. थांबल्या, निघाल्या, थांबल्या, निघाल्या. पितळी हंड्यांच्या दुकानातून कांताबाई बाहेर आली. तिनेही कधीकाळी याच गल्लीत अँबेसेडर चालवून परवाना मिळवला होता.

“यमुताई! स्कूल पुन्हा काढली का वं?”

“काढली. एकच विद्यार्थिनी आहे. गुरुवारी येते.”

आणि गुरुवारी ती आली. अपेक्षा चालकाच्या जागी बसली, यमुताई तिच्या डावीकडे. डब्यातून काढून, चिंचेने घासून लखलखीत केलेलं घुंगरू क्लचच्या पेडलच्या दांडीला पक्कं बांधलेलं होतं.

“म्हणजे आठवडाभर गाडी तुझी, आणि गुरुवारी माझी?” अपेक्षाने विचारलं.

“रुळेपर्यंत.”

“क्लच की मी?”

“समोर पाह्य. हातगाडी आहे.”

अपेक्षाने दाबलं. घुंगरू वाजलं. पहिला टाकून तिने सावकाश सोडलं, गाडी हलकेच सरकली, आणि घुंगरू गप्प झालं. दुसरा. पुन्हा वाजलं, पुन्हा गप्प. भांड्यांची दुकानं मागे पडली. कोपऱ्यावर वळून सरळ रस्ता लागल्यावर कुठूनशी एक बारीक किणकिण आली.

“पाय खाली,” यमुताई म्हणाल्या, आणि त्यांनी आपला डावा पायही चटईवर पुरता टेकवला.